केळकरचा लॅपटॉप, माझी वजनं

“ताई, तुमचा एक होईपर्यंत माझे सहा होऊन गेले!” लॅपटॉपवरून मान वर न करता केळकर म्हणाला. माझे हात तेलाने बरबटलेले, त्याच्या शर्टाची इस्त्रीही मोडलेली नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्यातली आमची कॅलिब्रेशन लॅब. कॅलिब्रेशन म्हणजे मोजणारं यंत्र खरं बोलतंय का ते तपासायचं आणि चुकत असेल तर त्याला वळणावर आणायचं. पाइपातला दाब मोजून कंट्रोल रूमला कळवणारे ट्रान्समीटर आमच्याकडे यायचे. मी ठरावीक दाब देणाऱ्या टेस्टरच्या पिस्टनवर वजनं ठेवायची, पिस्टन अडकू नये म्हणून ती हाताने फिरवायची, आणि तेवढाच दाब ट्रान्समीटर दाखवतो का ते बघायची. इंदूरहून बदली होऊन आलेला केळकर वायर जोडायचा, दोन बटणं दाबायचा, की पडद्यावर हिरवं ‘ओके’.

वजनं ठेवायची की सॉफ्टवेअर आणायचं, हे आमचे वरिष्ठ मिश्रासाहेब ट्रायल घेऊन ठरवणार होते. ज्याची पद्धत पास, तो लॅबचा इन्चार्ज. त्या खुर्चीवर माझा किती वर्षं डोळा! आणि टाउनशिपमध्ये जो तो केळकरचं कौतुक करत होता. आमचे हेसुद्धा जेवताना म्हणाले, “पोरगा हुशार आहे हं.” मी त्यांना पुढची पोळी वाढली नाही.

ट्रायलच्या आदल्या दिवशी माझ्या लक्षात आलं, केळकर दाब देतच नाहीये. त्याचं सॉफ्टवेअर ट्रान्समीटरलाच विचारायचं, तुला किती दाब वाटतोय? तो सांगेल तो आकडा खरा धरायचं आणि बाहेर जाणारा सिग्नल तेवढा त्याच्याशी जुळवायचं. म्हणजे चोरालाच साक्षीला उभं करायचं! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण बोलायचं ते साहेबांसमोरच, असं ठरवून मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी त्याने पास केलेला एक ट्रान्समीटर मी टेस्टरला जोडला. वजनं पन्नास किलोच्या दाबाची. आकडा आला सत्तेचाळीस.

“ये क्या है, केळकर?” साहेबांनी विचारलं.

आता हा कशी सारवासारव करतो, ते बघायला मी कंबरेवर हात ठेवून उभी. त्याने वाकून आकडा पाहिला.

“सर, गलती मेरी है. प्रेशर दिए बिना कर रहा था.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, वजनं तुम्ही ठेवा ना. खरा दाब तुमचा, दुरुस्ती मी लॅपटॉपवर करून घेतो.”

आणि तिथल्या तिथे त्याने सत्तेचाळीसचे पन्नास करून दाखवले. स्क्रूड्रायव्हर घेऊन मला अर्धा दिवस लागला असता.

साहेब खूश. “मॅडम, गलती आपने पकडी, शाबाश! अब इन्चार्ज साहब को बाकी सब भी सिखा दीजिए.”

इन्चार्जसाहेब म्हणजे केळकर, हे कळायला मला एक क्षण लागला.

त्याचा लॅपटॉप पुढे मीही शिकले. अवघड काही नव्हतं. पण भरल्या लॅबमध्ये ‘चूक माझी’ म्हणून लगेच कामाला लागणं मला रिटायर होईपर्यंत जमलं नाही, आणि त्याचा हेवा आजही वाटतो. एक मात्र शिकले. चूक दाखवणाऱ्याला शाबासकी मिळते, खुर्ची ती निस्तरणाऱ्याला.