आढं त्यांच्या बाजूला कुजलंय

हिर्डोशीच्या आमच्या कौलारू घरात सासरे आणि त्यांच्या भावाची वाटणी झाली तेव्हा मधोमध मातीची भिंत घातली. छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, आढं, मात्र दोन्हीकडून सलग गेलंय. आम्ही नोकरीपायी शहरात राहतो; यंदा मी येऊन दुरुस्ती काढली. सुताराने शिडीवर चढून आढ्यात पटाशी खुपसली.

"ताई, हे त्यांच्या बाजूला कुजलंय. बदलायचं तर सगळं. अर्धं न्हाई बदलता येत. अन् ह्या पावसाळ्यात धरंल असं वाटत न्हाई."

त्यांच्या बाजूला माझ्या चुलत जाऊबाई एकट्या राहतात. सत्तरीच्या असतील. मी त्यांना आक्का म्हणते.

"आक्का, पंधरा दिवस लेकीकडं राहा. कौलं उतरवायची आहेत."

"न्हाई. मागं एकदा बाळंतपणाला माहेरी कामथडीला गेलते. आले तर भिंत हातभर माझ्याकडं सरकलेली. तुझ्या सासऱ्याचं काम. आता म्या घर सोडत न्हाई."

हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते आणि कधी मनावर घेतलं नव्हतं. मग आमच्या बाजूला फरशीसाठी जमीन उकरली. जुन्या भिंतीच्या पायाचे दगड निघाले, हल्लीच्या भिंतीपासून हातभर आमच्याच बाजूला. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. दगड बघितले.

"च्या ठेव आता," म्हणाल्या.

मी चहा ठेवला आणि म्हटलं, काम काढलंच आहे, तर भिंत जुन्या जागी घेऊ.

"तोंडी नगं. लिहून दे, मग जाते लेकीकडं."

ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर आमच्या बाजूला नवरा आणि थोरले दीर, अशी दोन नावं आहेत. माझं नाही. दिरांना पुण्याला फोन लावला.

"म्हणजे वडिलांनी चोरी केली असं लिहून द्यायचं?"

"हातभर भिंतीचा प्रश्न आहे. छप्पर पडेल."

"पडू दे. सही करणार नाही."

नवरा म्हणाला, दादा म्हणेल तसं. सागाचं नवं लाकूड अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिलं.

मे संपत आला. निदान टेकू तरी द्या, असं मी सुताराला सांगितलं. आक्कांनी त्याला उंबरा ओलांडू दिला नाही, म्हणून त्याने तो आमच्या बाजूला दिला.

"ह्याचा उपयोग न्हाई," तो म्हणाला. "म्हणताय म्हणून लावलाय."

शहरात परत निघताना मी आक्कांकडे गेले. त्या बरोबर आढ्याखाली बसून नाचणी पाखडत होत्या.

"आक्का, पावसाचं पडवीत तरी झोपा."

"पडवी तुमच्या वाटणीत हाय."

"असू दे की. मीच सांगतेय ना?"

"तू सांगशील गं. तुझं नाव कुठं हाय?"

मी पिशवी उचलली. एसटीची वेळ झाली होती.