हळकुंडाचा दोरा

कोरोनाच्या त्या दिवसांत कल्याणच्या आमच्या हॉस्पिटलातलं सीटी स्कॅनचं मशीन फक्त छात्या बघत होतं. मणके, मुतखडे, जुनी डोकेदुखी, सगळे घरी थांबले होते. मी तिथली टेक्निशियन. पीपीई किटच्या आत घामाने निथळत, प्रत्येक पेशंटनंतर टेबल पुसत दिवसभर करवादायचे.

मला पुरून उरायच्या त्या आमच्या आयाबाई, डोंबिवलीजवळच्या गावातल्या आगरी मावशी. छातीच्या स्कॅनला अंगावर धातू चालत नाही. बायका बाकीचं निमूट काढायच्या, मंगळसूत्राला मात्र हात लावू द्यायच्या नाहीत. त्यात कुणाकुणाचा नवरा वरच्या वॉर्डात ऑक्सिजनवर. मग मावशी रोज घरून हळदीच्या दोऱ्यांत हळकुंडं बांधून आणू लागल्या. आधी हळकुंड गळ्यात, मग मंगळसूत्र काढायचं. बाई शांतपणे टेबलावर झोपायची.

रांग वाढली की मीही बांधायला पुढे व्हायचे. मावशी माझ्या हातातून दोरा काढून घ्यायच्या. "तू मशीन बघ." मी विधवा आहे. कारण कळत होतं आणि ते मला फार लागायचं. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी, तशीच मशीनकडे वळायचे.

एक दिवस मावशीच पेशंट म्हणून आल्या. धाप एवढी की बोलणं तुटत होतं. त्यांच्याही गळ्यात मंगळसूत्र होतं; मी दोरा उचलला आणि तो बांधायला सिस्टरला हाक मारण्यासाठी वळले.

"कोनाला बोलवतेस? तूच बांद गो."

"मावशी, मी कशी..."

"त्या बाया परक्या. तुला कोन काय बोलली असती, तं मना खपलं नसतं."

इतके दिवस मी या बाईवर मनातून रुसले होते. दुहेरी हातमोज्यांत गाठ बसेना, दोनदा सुटली. पडद्यावर त्यांची फुफ्फुसं जागोजागी पांढरी दिसली तेव्हा मी रडले. किटमध्ये डोळेही पुसता येत नाहीत.

मावशी दोन महिन्यांनी कामावर परतल्या, निम्म्या झालेल्या. रांगेतली पहिलीच बाई मंगळसूत्र मुठीत धरून बसली होती. मावशींनी हळकुंडाचा दोरा माझ्या हातात ठेवला आणि तिला म्हणाल्या, "हिच्याकडून बांदून घे. मी हिच्याच हातचा बांदून घेतलेला, नि बरी होऊन घरी गेले."