मुलीच्या मामांनी मुलीला आणावं

माझा स्वभाव जन्माचा तिखट. आई म्हणायची, हिला बाळघुटीत कुणीतरी मिरची उगाळून घातली असणार. या तिखटपणाने माझं नुकसान पुष्कळ झालं. पण एकदा तो असा कामी आला, की तेव्हापासून मी त्याला नावं ठेवणं सोडून दिलं.

आमचं घर गिरीजला. वाडीत केळी, पानवेली, थोडे नारळ, आणि मधोमध विहिरीवर रहाट. डोळे बांधलेला रेडा गोल गोल फिरायचा आणि त्याच्या मागून माझा मामा चालायचा. मामा म्हणजे आईचा थोरला आणि एकुलता एक भाऊ. विशीत त्याचं डोकं फिरलं असं लोक सांगत. आम्हाला ऐकू न येणाऱ्या हाका त्याला ऐकू यायच्या आणि तो त्यांना उत्तरंही द्यायचा. कधी आठ-आठ दिवस अवाक्षर बोलायचा नाही, अंघोळ करायचा नाही. आजी गेल्यावर आई त्याला आमच्याकडे घेऊन आली, आणि बाबांनी फारशी कुरकुर न करता ठेवून घेतलं. रेड्यामागे चालताना त्याला बरं वाटायचं. मी लहान असताना तो मला रहाटाच्या लाकडी दांड्यावर बसवून फिरवायचा. पाटाचं पाणी केळींत शिरायचं, मामा काहीतरी गुणगुणायचा, आणि त्याहून जास्त सुख जगात असेल असं मला वाटत नसे. अजूनही फारसं वाटत नाही.

गावाने त्याला कधी दगड मारला नाही. गावाची रीत सभ्य होती. बारसं असो, सत्यनारायण असो, आमंत्रण करायला आलेला माणूस सगळ्या घराला या म्हणायचा आणि निघताना हळूच सांगायचा, "त्यांचं पान घरीच पाठवू." मग संध्याकाळी केळीच्या पानात गुंडाळलेलं जेवण यायचं. मामा चवीने जेवायचा, पान धुऊन रेड्याला घालायचा. संताप मला यायचा. एकदा मी ते जेवण आणणाऱ्या काकूंना विचारलं, "पंगतीत बसला असता तर काय तुमचा भात कच्चा राहिला असता?" त्यावर आईने मला दोन दिवस बोलून घेतलं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, माझं लग्न ठरलं. मुलगा राजोडीचा, वाडीवाल्यांतलाच. सगळं पसंत पडलं आणि मग होणाऱ्या सासूबाईंचा निरोप घेऊन मध्यस्थ आले. बसले, चहा घेतला, हवापाणी झालं, आणि म्हणाले, "मामा मांडवात नको, असं त्यांचं म्हननं हाय. त्यांचं गनगोत येनार. लोक शितावरून भाताची परीक्षा करतात."

बाबांनी मध्यस्थांचा रिकामा कप उचलून आत आणून ठेवला. आमच्यात लग्नाच्या वेळी मुलगी आत गौरीहरापाशी बसलेली असते. मामा येऊन तिला उठवतो, मांडवात आणतो, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मामाशिवाय मुलगी मांडवात जात नाही. तेव्हा तोड निघाली ती अशी, की आगाशीचा आईचा चुलतभाऊ त्या दिवसापुरता मामा होईल.

इकडे खऱ्या मामाने नवं धोतर आणून उशाखाली ठेवलं होतं. भेटेल त्याला सांगायचा, "बायचं लगीन हाय. तिला मी नेनार."

मी आईला बजावलं, "दुसरा मामा आला तर मी पाटावरून उठणार नाही."

"लग्न मोडंल," आई म्हणाली.

"मोडू दे."

"आनि मोडलं की लोक काय म्हनतील? येड्याने भाचीचं वाटोळं केलं. तेही त्याच्याच माथ्यावर बसंल."

माझा तिखटपणा इथे चालेना. मी रडले.

लग्नाच्या सकाळी मामा अंघोळ करून, धोतर नेसून तयार. बाबा त्याला रहाटापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "इथं बसा. बोलावलं की या." बाबांना खोटं बोलता येत नसे. घरात आले तेव्हा माझ्याकडे बघवेना त्यांना.

मी गौरीहरापुढे बसून गौरीवर अक्षता वाहत होते आणि उठायचं की नाही ते ठरत नव्हतं. मांडव माणसांनी भरला. आणि एवढ्या सगळ्या बंदोबस्तात भटजींना हाक हळू द्या म्हणून सांगायला सगळेच विसरले. त्यांनी दर लग्नात देतात तशी खणखणीत हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं!"

आगाशीचे मामा आत आले. भला माणूस. वाकून म्हणाले, "ऊठ गो बाय." मी अक्षता वाहत राहिले. ते खाकरले. आईने डोळ्यांनी विनवलं. मी मान वर केली नाही. भटजींना वाटलं बाहेरची हाक आत पोचली नसेल, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा अशी हाक दिली, की ती पार विहिरीपर्यंत गेली असणार.

मागच्या दाराने मामा आला. पाय पाटाच्या पाण्यात धुतलेले, धोतर गुडघ्यापर्यंत धरलेलं.

"मला बोलावलं," तो म्हणाला.

आगाशीच्या मामांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले. "या दादा. तुमचंच काम हाय." त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी उभी होते.

आम्ही मांडवात आलो. मागे कुणीतरी फिसकन हसलं. अंतरपाटाच्या कडेने सासूबाईंचा चेहरा दिसला. तो कसा होता ते सांगत नाही, पुढे आमचं फार चांगलं जमलं. मंगलाष्टकं सुरू झाली. मामाचे हात माझ्या खांद्यांवर होते. ताशेवाले काठ्या सरसावून उभे होते, आणि मोठा आवाज मामाला मुळीच सोसत नसे. साधा फटाका वाजला तरी तो कान दाबून केळींत पळायचा. आता हा पळाला तर लोकांना आयतंच मिळेल, या भीतीने मी हातातला हार घट्ट धरला. शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या, ताशे कडाडले. मामा पळाला नाही. त्याने दोन्ही तळहातांनी माझे कान घट्ट झाकले, आणि ताशे थांबेपर्यंत झाकून धरले.

त्या दिवशी दोन घरं न जेवता परत गेली. त्यांचं अन्न आम्ही आनंदाने संपवलं.

महिनाभर सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मग एका दुपारी अळूचे देठ सोलताना त्यांनी विचारलं, "तुझ्या मामाने तुझे कान कशाला झाकले गो?"

"त्याला आवाज सोसत नाही."

"त्याला सोसत नाय, तर सवताचे झाकायचे."

 त्यांचे हात थांबले होते. मग त्यांनी पुढचा देठ उचलला.

"गौरीला माहेरी जाशील ना," त्या म्हणाल्या, "तर न्यायला दुसरं कोन नको. त्यालाच येऊ दे. आनि सांग, जेवून जायचंय म्हनावं, माझ्या ओटीवर."