राखीव रानातला नाकेदार

इंग्रजांच्या अमदानीत अमरावतीजवळच्या राखीव रानात जंगलखात्याचा एक नाकेदार होता. एका जागी उभा राहील तर शपथ! बोलता बोलता पाखराच्या आवाजानं मान वर करायचा, "थांबा बाई, हळद्या बोलून राह्यला."

एका आश्विनात मी वारुळावरच्या सात्या, म्हणजे खायच्या अळंब्या, ओटीभर वेचल्या. त्यानं एक मोडली, हुंगली, परत हुंगली. "पाखरू असतं तं सांगतलं असतं. ह्या नक्की खायच्याच हायेत?"

"लहानपणापासून खाते," म्हटलं अन् निघाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो अमरावतीत, राजापेठेतल्या आमच्या दारात. "पोरं उठली का?" माझी चारही पोरं त्यानं एकेक करून निरखली.

मी म्हटलं, "भाऊ, च्या तं घ्या."

"नको बाई, आता झोपतो जाऊन."