मे महिन्यातलं रायपूर आणि उणे १९६ अंशांतला तुकडा

मे महिन्यात रायपूरला जाऊ नका, असं मीच या ब्लॉगवर लिहिलं होतं. तरी गेले, कारण ज्योतीचा फोन आला: "तुकडा आला. पाहायचा असंल तर ये."

ज्योती माझी मावसबहीण. रायपूरजवळ बीरगावच्या वर्कशॉपमध्ये ती कार्बनच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून कडक पत्रे बनवते, रॉकेटच्या अतिथंड इंधनटाक्यांसाठी. भट्टीत पक्के केलेले तिचे नमुने थंडीत तडकत होते. हा नमुना तिने बाहेरगावी इलेक्ट्रॉनच्या किरणांखाली पक्का करून आणला होता. हाही तडकला, तर टाकीवाले दुसरीकडे जाणार होते.

नागपूरहून सकाळच्या गाडीने निघाले, दुपारी पोचले. स्टेशनबाहेर ऑटोचं भाडं आधी ठरवा. मुक्काम समता कॉलनीत, ज्योतीकडेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यापाऱ्यात फरा खाल्ला: तांदळाच्या पिठाचे वाफवलेले, फोडणी दिलेले लांबट मुटके. पोटाला हलके, खिशालाही.

"किरणंच का पण?" वर्कशॉपकडे जाताना मी ऑटोत ज्योतीला विचारलं.

"भट्टीतून निघून थंड होताना रेझिन आकसते, धागा आकसत नाही. आत ताण राहून जाते. किरणांनी फार न तापता घट्ट होते."

वर्कशॉप म्हणजे टिनाची शेड. ज्योतीचे भागीदार साहू भैया यांनी दार उघडं ठेवून, जाड हातमोजे घालून उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन थर्माकोलच्या डब्यात ओतला. तुकडा आत गेला, पांढरा धूर उसळला, खळखळ झाली आणि हळूहळू थांबली. ज्योतीने कूलर बंद केला. तडा गेला की बारीक आवाज येतो, तो ऐकायचा.

"बोलायचं नाही. तुह्या बांगड्याही नको वाजवू."

घाम कानामागून उतरत होता. कुणी पुसला नाही.

टिक्.

ज्योतीने डोळे मिटले. साहू भैया वर छपराच्या पत्र्याकडे पाहत म्हणाले, "दीदी, वो टीना है. धूप में रोज बोलता है."

"आजच बोलायचं होतं त्याले?"

तुकडा काढला. तो कोमट झाल्यावर काठाला लाल रंग लावून पुसला. चीर असली तर त्यात रंग उरतो. ज्योतीने भिंगातून बराच वेळ पाहिलं, मग भिंग साहू भैयांना दिलं.

"हव," ते मान डोलावत म्हणाले. "साफ है."

"अजून लय वेळा बुडवा लागते," ज्योती म्हणाली आणि टाकीवाल्यांना फोन लावायला बाहेर उन्हात गेली.

घरी आमच्या गच्चीवरचा पत्राही दुपारी टिकटिकतो. इतकी वर्षं मला ऐकूच आला नव्हता. परवा तो वाजला आणि मी ज्योतीला फोन केला. "काय झालं गं पुढे?"

"हळू बोल," ती कुजबुजली. "आयकून राहिलो आम्ही."