उलट्या फितीवरचा तंबोरा

कुमुदिनीकाकू जपानमध्ये, त्सुकुबात, आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहतात, तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क मी आपण होऊनच घेतला आहे. बाई स्वभावाने सरळ आहेत. पण एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ऐकणार नाहीत.

एकोणसत्तर साली त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि गिरगावात एका बुवांकडे गाणं शिकत होत्या. तेव्हा केस वाढवलेल्या तीन कॉलेजकुमारांनी रॉकची एक तबकडी काढायची ठरवली. तिच्यात गिटारी होत्या, शिवणयंत्राची खडखड होती, चक्क चूळ भरल्याचा आवाज होता आणि कव्हरवर वितळणारा डोळा. त्यांना तंबोराही हवा होता. त्यातला एक मैत्रिणीचा भाऊ, त्याच्या भिडेखातर काकू बुवांना न विचारता स्टुडिओत गेल्या आणि दुपारभर तारा छेडून आल्या. पोरांनी ती फीत उलटी फिरवून तबकडीत घातली. प्रयोगच होता तो, कुणाला काही खटकलं नाही.

बुवांना खटकलं. कुणीतरी त्यांना तबकडी ऐकवली. ते एवढंच म्हणाले, "पंचम उतरलाय तुझा. महिनाभर नुसता तंबोरा जुळव, मग ये." काकूंनी अर्थ काढला की आपण गिटारवाल्यांत बसलो त्याचा राग आहे आणि म्हातारा पंचमाचं निमित्त करतोय. त्या परत गेल्या नाहीत. पुढे लग्न, शाळेतली नोकरी, मग मोहन. गाणं सुटलं ते सुटलंच. तबकडी मात्र त्यांनी जिवापाड सांभाळली. पंचम खरंच उतरला होता का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. गिटारींच्या गदारोळात तंबोऱ्याची गुणगुण लागे, पण एकेक तार काही कळत नसे.

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत त्या तबकडी घेऊन इथे आल्या. मोहन इमारतींची कंपनं मोजणाऱ्या एका संस्थेत आहे. मोजणीतून विजेची घरघर गाळून काढणं हे त्याचं रोजचं काम. "कॉम्प्युटरवर घे आणि जरा साफ करून दे," म्हणून काकूंनी तबकडी त्याच्या हाती दिली. का, ते सांगितलं नाही. तंबोरा उलटा वाजतोय, हे सांगायचंही राहिलं. त्याने दोन रात्रींत काम उरकलं. पुढच्याच महिन्यात भूकंप झाला, पुस्तकांचं कपाट तबकडीवर आडवं झालं आणि तिचे तीन तुकडे झाले. त्यानंतर वर्षभर मोहनला मान वर करायला फुरसत मिळाली नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये एका रविवारी काकूंनी मला चहाला बोलावलं आणि मोहनला ते लावायला सांगितलं. गिटारी लख्ख ऐकू आल्या, शिवणयंत्र लख्ख, चूळसुद्धा लख्ख. तंबोऱ्याचा पत्ता नव्हता.

"आई, मागे एक कंटिन्युअस हम होता ना, तो काढला मी. मला वाटलं रेकॉर्डिंगचा फॉल्ट आहे."

"तो हम म्हणजे मी होते," काकू म्हणाल्या.

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. मोहनचा चेहरा पार पडला. मग तो म्हणाला, "थांब, थांब." त्यांच्या संस्थेची एक शिस्त आहे. मोजणीतून गाळलेलं काहीही फेकायचं नाही, तारीख घालून वेगळं ठेवायचं. ज्या देशात दुधाचं खोकंसुद्धा धुऊन, कापून, वाळवून मग टाकतात, तिथे याचं नवल नाही. घरीही त्याने सवयीने तेच केलं होतं.

त्याने तो गाळ शोधून काढला आणि फीत उलटी होती हे काकूंनी आता सांगितल्यावर सुलटा करून लावला. खोलीत तंबोरा सुरू झाला. थोडी खरखर होती, बाकी गिटार नाही, काही नाही. काकू डोळे मिटून बसल्या. चारही तारा पाच-सहा वेळा फिरल्या असतील.

"उतरलाय," त्या म्हणाल्या.

"अगं, टेपचा स्पीड स्लो झाला असेल."

"मग षड्जही उतरला असता. तो चोख आहे."

मोहन बंद करायला उठला, तर त्यांनी त्याचा हात धरला. मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "काकू, लहान होतात तुम्ही तेव्हा."

"त्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पण म्हणजे बुवांनी मला हाकललं नव्हतं. महिन्याने ये म्हणाले होते, ते खरंच ये म्हणून."