एकादशीला भाकर खाणाऱ्या बाईची सोलर प्लेट

भिकुबाई एकादशी धरत नाही. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला ते सांगायला नको. चतुर्थी नाही, सोमवार नाही, काही नाही. "अक्का, मना पोटले तिथी समजत नही, त्याले कळनानी भाकर समजस," असं ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर मोडत माझ्या तोंडावर म्हणते. मी महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरते, वहीत रामनाम लिहून झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही, आणि तिच्या या बोलण्याचा मला रागच येतो. पण यंदाच्या अधिक महिन्यात आमच्या सोनगीरला तिच्याविषयी जे बोललं गेलं, त्याचा मला त्याहून कितीतरी जास्त राग आला. तो अजून उतरलेला नाही.

भिकुबाई आमच्या मागल्या गल्लीत राहते. माहेर पाचोऱ्याकडचं. नवरा निंबाभाऊ धुळ्याला भाजीपाल्याचा टेम्पो नेतो. बाई पन्नाशीला टेकलेली, हाडापेराने दणकट, आवाज असा की ओट्यावर बोलली तर हायवेवरच्या चहावाल्याला कळावं. एकदा लाइट गेलेली असताना गोठ्यात म्हशीने तिच्या गुडघ्यावर लाथ घातली. दुसरी कोणी असती तर तिने म्हैस विकली असती. ही बचत गटाच्या बायांबरोबर धुळ्याला सोलरचे दिवे बनवायचं शिकायला गेली. बाकीच्या बाया प्रमाणपत्र आणि फोटो घेऊन परत आल्या. ही फडक्यात गुंडाळून सोलरच्या निळ्या चकत्या घेऊन आली.

त्या चकत्या चौकोनी, पापडाहून नाजूक. स्वयंपाकाच्या ओट्यावर पसरून ती चपट्या तारेने एकीला दुसरी जोडते, प्रत्येक जोडाला कथलाचा डाग देते, वर काच, भोवती ॲल्युमिनियमची चौकट. आमचं गाव तांब्यापितळेच्या भांड्यांचं, डाग देणं म्हणजे काय हे इथे शिकवावं लागत नाही. तरी सुरुवातीला तिने खूप चकत्या फोडल्या, आणि फुटली की शिव्या चकतीलाच. पहिली प्लेट गोठ्यावर लागली. मग शेजारच्या दोन-तीन घरांवर. घरात करंट आला म्हणजे बाईच्या अंगातही आला. "कंपनीवाला काय सोनानं बनाडतस का?" असं चारचौघांत म्हणायला लागली. फुशारकी तिच्यात आहेच, मी ती लपवत नाही.

अधिक महिन्यात मुरलीधराच्या देवळात संध्याकाळी मी पोथी वाचते. नेमकी त्याच वेळेला लाइट जाते. म्हणून देवळाच्या गच्चीवर तिच्या दोन प्लेटा बसवायचं ठरलं. देवस्थानचे अध्यक्ष लीलाधर नाना. त्यांनी बसवायच्या दिवशी हार आणले, नारळ फोडला, आणि कुंकू पावसात धुऊन जातं म्हणून पेंटर बोलावून एका प्लेटेच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात लाल ऑइलपेंटचं चांगलं मोठं स्वस्तिक काढून घेतलं. आमच्याकडे नवी मोटारसायकल असो, पिठाची गिरणी असो, स्वस्तिक काढल्याशिवाय तिला कोणी हात लावत नाही. पेंटरची शिडी भिकुबाईनेच धरली होती. आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

आणि लागल्यापासूनच दिवा कमी. संध्याकाळी पोथी उघडावी तर सुरुवातीला लख्ख, आणि अध्याय निम्म्यावर आला की बल्ब पिवळा, मग लाल, मग विझलाच. बॅटरी पुरती भरतच नव्हती. मी मोबाइलच्या उजेडात वाचून संपवायचे. दिवसभर बाहेर जेठाचं ऊन, माळावर चप्पल वितळेल असं, आणि आत देवापुढे अंधार.

पहिल्यांदा लोक हसले. मग बोलायला लागले. एका संध्याकाळी असाच दिवा गेला आणि नाना सभामंडपात सगळ्यांसमोर म्हणाले, "एकादशीले भाकर खास ती बाई. तिना हातनी प्लेट देवळवर चढाडी, मंग उजेड कोठून ई?"

भिकुबाई दाराशीच बसली होती. ती उठून गेली.

मला वाटलं, कोणीतरी बोलेल. उलट दोन-तीन माना डोलल्या. मी पोथी मिटली आणि म्हटलं, "नाना, सूर्यनारायण कोनी एकादशी धरी ते देखीसन ऊन देस का? देवनं नाव मधमा आनू नका."

"तुमी पोथी वाचा, इंदिराबाई," नाना म्हणाले. "कारभार आमी देखसूत."

कारभार त्यांनी असा पाहिला की त्यांच्या पुतण्याला, भूपेंद्रला, बोलावलं. त्याचं धुळ्याला इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तो गच्चीवर चढलासुद्धा नाही. खालूनच डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि म्हणाला, घरगुती माल असाच असतो. ठरलं की आठवड्यात त्याची माणसं येऊन भिकुबाईच्या प्लेटा उतरवतील आणि कंपनीच्या लावतील. गल्लीतल्या हेमराजच्या आईने प्लेट सांगून ठेवली होती, तिने दुसऱ्याच दिवशी भिकुबाईकडे निरोप पाठवला की आमची प्लेट राहू दे. तिच्यामागून आणखी एका घराचा. देवळावरून प्लेट उतरली की गावात तिची प्लेट कोण घेणार? देवाने नाकारलेली वस्तू म्हणून ती बोटाने दाखवली जाणार. हे नानांना कळत नव्हतं असं मी मानत नाही.

मी तिच्या घरी गेले तर बाई ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. चूल थंड.

"बठ्ठं करी देखं अक्का," ती म्हणाली. काच धुतली, तारा बदलल्या, जाड तारा घातल्या. एका प्लेटेला उरलेल्या चकत्या वापरल्या होत्या, म्हणून तिचे जोड कच्चे असतील अशी तिला शंका, तर बाहेरचे सगळे डाग पुन्हा दिले. "दाब बराबर शे, करंट नही. टाकी भरेल शे, पन तोटी थेंब थेंब गळस, तसं."

"कोन्ती प्लेट?"

ते तिने पाहिलंच नव्हतं. दोन्ही जोडलेल्याच मोजत होती. एवढी बोलकी बाई, पण अपमान झाला की डोकं असं बंद पडतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघी गच्चीवर चढलो. पायाखाली ओलं पोतं टाकलं तरी तळवे भाजत होते. आमचे हे म्हणाले होते, बायकांनी देवळावर चढायचं का? मी म्हटलं, चुना मारायला चढवता तेव्हा विचारत नाही. भिकुबाईने दोन्ही प्लेटा सुट्या केल्या आणि मीटर लावला. पहिलीचा करंट चांगला भरला. दुसरीचा त्याच्या निम्माही नाही. दुसरी म्हणजे उरलेल्या चकत्यांची. "म्हनजे मनंच पाप," ती म्हणाली आणि खाली बसली.

मी मीटर बघायला पुन्हा पहिल्या प्लेटेवर वाकले. पदर वाऱ्याने पुढे आला, त्याची सावली एका चकतीवर पडली, आणि मीटरवरचा आकडा घसरला. मला वाटलं, मी काहीतरी मोडलं.

"हालू नका," भिकुबाई म्हणाली. "आते सरका." मी सरकले. आकडा वर. "परत या." खाली. मग तिने मला बाजूला केलं आणि स्वतःचा पंजा त्या एकाच चकतीवर ठेवला. एवढी मोठी प्लेट उन्हात न्हात होती, झाकली गेली फक्त एक चकती, आणि सगळ्या प्लेटेचा करंट बसला.

मग तिने मला सांगितलं ते असं. चकत्या माळेसारख्या एकीमागे एक ओवलेल्या असतात. करंट पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जातो. एकीवर सावली पडली की ती जेवढं सोडेल तेवढंच पुढे जातं. जपाच्या माळेत एक मणी अडकला की बोटं थांबतात, हे मला लगेच समजलं.

तिची नजर दुसऱ्या प्लेटेच्या कोपऱ्यात गेली. लाल, जाड, ठसठशीत स्वस्तिक, एका चकतीच्या बरोबर मध्यभागी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज प्रथमच खाली आला. "अक्का, मी पुसं ना, तं माले गावमा कोनी ऱ्हाऊ देवाव नही."

खरं होतं. तिने पुसलं असतं तर भाकरीवरून प्रकरण धर्मावर गेलं असतं. उजेड आला असता तरी बाई गेली असती. म्हशीला, नवऱ्याला, तलाठ्याला न भिणारी बाई त्या रंगाला भीत होती, आणि तिला भिववणारे लोक खाली पारावर सावलीत बसून होते. माझ्या कानशिलात ऊन होतं की संताप, सांगता येत नाही. तिथेच पेंटरने टाकलेला थिनरचा डबा होता. नारळाच्या करवंटीची कड घेतली, म्हणजे काचेला ओरखडा नको. मनात म्हटलं, मुरलीधरा, तुझी खूण पुसत नाही, तिची जागा बदलते. आणि खरवडायला बसले.

खालून नानांनी पाहिलं. "इंदिराबाई, काय करी ऱ्हायन्यात?"

"स्वस्तिक पुसी ऱ्हायनू, नाना."

"पाप लागी."

"लागनं तं मना नावे लागी. तुमी सावलीमा बसा."

रंग वाळलेला, निघता निघेना. नखांत लाल माती भरल्यासारखं झालं. पण शेवटचा फटकारा गेला आणि भिकुबाईने मीटर लावला, तर दुसरी प्लेट पहिलीच्या बरोबरीला. उरलेल्या चकत्यांत काही खोट नव्हती. बाई हसली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "मना डाग चांगला शेतस, मी सांगत नव्हतू?" मी घरून हळदकुंकू नेलं आणि स्वस्तिक बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर काढलं. तिथे कोणाची सावली कोणावर पडत नाही.

दोन दिवस पुरं ऊन खाऊन बॅटरी भरली. तिसऱ्या संध्याकाळी, भूपेंद्रची माणसं यायच्या आधीच, लाइट गेली आणि मंडप लख्ख राहिला. नाना पुढे येऊन बसले, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "देवनी परीक्षा लिन्ही आपली."

"देवनी नही, ऑइलपेंटनी," मी म्हटलं.

कोणीतरी हसलं. नानांनी वाचायची खूण केली. मी पोथीचं फडकं सोडलंच नाही. मांडीवर पोथी तशीच बांधलेली ठेवून बसले. लोक खाकरले. आमचे हे मला डोळ्यांनी खुणावत होते. मी म्हटलं, "सगळ्यासमोर बोलनात ना नाना, तं सगळ्यासमोरच सांगा. मंग अध्याय."

वर पंखा फिरत होता, तोही तिच्याच प्लेटेवर.

"प्लेट चांगली शे," नाना खांबाकडे बघून म्हणाले. "रंग मी लावाडेल होता."

"आनि भिकुबाई?"

"तिना दोष नही."

"मांगे बसेल बायास्ले ऐकू नही उनं."

"तिना दोष नही," ते मोठ्याने म्हणाले आणि उपरणं सारखं करायला लागले.

हेमराजच्या आईने मान खाली घातली. पण भाकरीचं जे बोलले, ते नानांनी मागे घेतलं नाही, आणि मी तेही मागणार होते. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात दाराशी बसलेली भिकुबाई तिच्या नेहमीच्या आवाजात ओरडली, "वाचा हो अक्का. इतला उजेड कोनाकरता जाळी ऱ्हायनात?"

मी फडकं सोडलं. अध्याय संपेपर्यंत दिवा हललासुद्धा नाही, आणि माझा आवाज शेवटच्या ओवीपर्यंत चढलेलाच राहिला.